मार्शलचे मोठेपण : उसनवारी, आवाज आणि आख्यायिका

इलेक्ट्रिक गिटारच्या इतिहासात 'मार्शल' या इंग्रजी ॲम्प्लिफायरइतकी कीर्ती दुसऱ्या कोणत्याही ॲम्प्लिफायरच्या वाट्याला आलेली नाही. काळ्या रेक्झिनने मढवलेल्या, माणसाच्या उंचीच्या पेट्या आणि त्यांच्यावर पांढऱ्या वळणदार अक्षरांत मालकाचे आडनाव, हे चित्र रॉक संगीताशी जेमतेम ओळख असणाऱ्यालाही परिचयाचे असते. या कीर्तीत तीन दावे एकमेकांत मिसळलेले आहेत. पहिला, की रॉक गिटारचा तो विशिष्ट आवाज मार्शलने निर्माण केला. दुसरा, की या जातीच्या यंत्रांत मार्शल सर्वांत उत्तम. तिसरा, की मार्शल सर्वांत मोठ्याने वाजतो. हे तीन दावे सुटे करून एकेकाला पुराव्याच्या कसोटीवर लावावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ज्याचा गिटारशी संबंध नाही अशा वाचकाने यात का पडावे, असा प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की हा प्रश्न यंत्रापुरता नाही. एखादी कृती दुसरीवरून उचललेली असेल तर तिला 'मूळ' म्हणता येते का? चार जणांनी मिळून केलेल्या कामाचे श्रेय पाटीवरच्या एका नावाला जावे का? आणि कर्तृत्वाचा काळ संपल्यावर उरलेल्या नावाची किंमत कोणी मोजायची? साहित्याच्या वाचकाला हे प्रश्न नवे नाहीत. मार्शलच्या बाबतीत ते विशेष स्वच्छ दिसतात, कारण इथे उसनवारीचा हिशेब अक्षरशः सुट्या भागांच्या यादीसारखा मांडता येतो.

जिम मार्शल (१९२३-२०१२) हा मुळात ढोलवादक. लंडनचा. लहानपणी हाडांच्या क्षयामुळे त्याची कित्येक वर्षे प्लास्टरमध्ये गेली. पुढे तो नाचगाण्याच्या वाद्यवृंदांत गाऊ आणि ड्रम वाजवू लागला, नंतर ड्रमचे वर्ग घेऊ लागला. १९६० मध्ये पश्चिम लंडनच्या हॅनवेल भागात, अक्सब्रिज रोडवर, त्याने वाद्यांचे दुकान काढले. ड्रम शिकायला येणाऱ्या पोरांबरोबर त्यांचे गिटारवाले मित्र येत आणि ते दुकानात रेंगाळत. लंडनमधली इतर दुकाने रॉक अँड रोल वाजवणाऱ्या पोरांना उभे करत नव्हती, असे मार्शल सांगत असे. पीट टाउनशेंड, रिची ब्लॅकमोर, बिग जिम सलिव्हन ही त्या गिऱ्हाइकांतली नावे. त्यांची तक्रार एकच होती : आम्हाला हवा तसा ॲम्प या देशात मिळत नाही.

या तक्रारीला आर्थिक कारण होते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला डॉलरची चणचण होती आणि अमेरिकन वाद्यांच्या आयातीवर १९५९ पर्यंत निर्बंध होते. निर्बंध उठल्यावरही कॅलिफोर्नियातल्या फेंडर कंपनीचा माल इंग्रज पोरांच्या खिशाला झेपत नव्हता. दुकानात दुरुस्तीचे काम पाहणारा केन ब्रॅन आणि ईएमआय कंपनीत उमेदवारी करणारा अठरा वर्षांचा डडली क्रेव्हन, या दोघांनी फेंडरचा 'बेसमन' नावाचा ॲम्प समोर ठेवून तसाच दुसरा बांधायला घेतला. स्वतः मार्शलने सांगितल्याप्रमाणे पाच नमुने त्याने नापसंत केले आणि सहावा ऐकल्यावर 'हाच' म्हणाला. १९६२ मध्ये तयार झालेल्या या यंत्राचे नाव 'जेटीएम४५'. यातली अक्षरे जिम आणि त्याचा मुलगा टेरी या मार्शल बापलेकांची. ब्रॅन आणि क्रेव्हन यांच्या नावाचे एकही अक्षर त्यात नाही.

आता पहिल्या दाव्याकडे. मी फेंडर बेसमनचा '५एफ६-ए' हा १९५० च्या दशकाच्या अखेरचा आराखडा आणि सुरुवातीच्या जेटीएम४५ चा आराखडा शेजारी शेजारी ठेवून पाहिले. दोन्ही आज सहज उपलब्ध आहेत. पाहणाऱ्याला पहिल्यांदा जाणवते ते साम्य, आणि ते साम्य 'प्रभाव' या सौम्य शब्दात बसणारे नाही. आधी प्रवर्धनाचे टप्पे, मग खर्ज-मध्यम-तार यांची तीन बटणे चालवणारे मंडल, मग संकेताचे दोन उलट भाग करणारा व्हॉल्व्ह, शेवटी शक्ती देणारे दोन व्हॉल्व्ह : सगळी मांडणी तीच, क्रम तोच, बहुतेक रेझिस्टर-कपॅसिटरांची मूल्येही तीच. परीक्षेच्या दोन उत्तरपत्रिका इतक्या सारख्या निघाल्या असत्या, तर तपासनिसाने दोघांनाही बोलावून घेतले असते. त्यातली गंमत अशी की बेसमन, नावाप्रमाणेच, बेस गिटारसाठी बनवलेला होता. गिटारच्या ज्या आवाजाची पुढे पूजा झाली, त्याचे बीज दुसऱ्याच वाद्याच्या यंत्रात होते.

तेव्हा 'मार्शलने निर्माण केले' हा दावा मंडलाच्या पातळीवर टिकत नाही. पण ज्याची नक्कल झाली तो तरी मूळ होता का? लिओ फेंडरच्या जुन्या ॲम्पवर चिकटवलेल्या कागदावर, हे यंत्र अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ व वेस्टर्न इलेक्ट्रिक यांच्या पेटंटांच्या परवान्याखाली बनवले आहे, असे छापलेले असे. म्हणजे फेंडरचे शहाणपणही टेलिफोनच्या कारखान्यातून आलेले. ऋण-प्रतिपोष, म्हणजे बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा अंश मागे वळवून चुका दुरुस्त करण्याची युक्ती, ही बेल कंपनीच्या हॅरोल्ड ब्लॅकची, १९२७ ची. संकेताचे दोन उलट भाग करणारी जी व्हॉल्व्हची जोडी बेसमनमध्ये आहे, तिचे पेटंट १९३६ चे आहे आणि ते ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याचे. ब्लमलाइन काम करत होता हेझ इथल्या ईएमआयमध्ये, म्हणजे डडली क्रेव्हन उमेदवारी करत होता त्याच कंपनीत आणि हॅनवेलच्या दुकानापासून काही मैलांवर! इंग्लंडमध्ये जन्मलेली कल्पना अमेरिकेत जाऊन गिटारच्या पेटीत बसली आणि पंचवीस वर्षांनी 'अमेरिकन नक्कल' म्हणून माहेरी परतली. मूळ शोधत मागे जाऊ लागले की प्रत्येक मुळाखाली आणखी एक मूळ सापडते.

म्हणून नक्कल झाली की नाही यापेक्षा नकलेत काय बदलले, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मराठी रंगभूमीच्या प्रेक्षकाला हे समजावून सांगायला नको. 'झुंझारराव' शेक्सपिअरवरून आणि 'ती फुलराणी' शॉवरून आले, हे माहीत असूनही आपण देवलांना किंवा पुलंना केवळ नकलाकार म्हणत नाही. कथानक तेच असते, पण बोलणारी माणसे बदललेली असतात. जेटीएम४५ मध्ये असे चार बदल झाले, आणि त्यांतले बहुतेक कलात्मक दृष्टीतून नव्हे, तर बाजारात काय मिळते यातून झाले.

पहिला बदल आत शिरतानाच्या व्हॉल्व्हचा. फेंडरने तिथे '१२एवाय७' हा सौम्य व्हॉल्व्ह लावला होता. मार्शलच्या माणसांनी इंग्लंडात सहज मिळणारा 'ईसीसी८३' बसवला. पहिल्याचा प्रवर्धनांक सुमारे ४४, दुसऱ्याचा १००. त्यामुळे पुढच्या टप्प्यांवर दुपटीहून अधिक जोर आदळू लागला. दुसरा बदल शेवटच्या व्हॉल्व्हचा आणि ट्रान्स्फॉर्मरचा. अमेरिकन '५८८१' ऐवजी लवकरच ब्रिटिश 'केटी६६' आला आणि १९६६-६७ च्या सुमारास 'ईएल३४', ज्याच्या आवाजात मध्यसप्तकाची धार जास्त. तिसरा बदल प्रतिपोषाचा. फेंडरमध्ये तो २ ओहमच्या तारेवरून घेतलेला, सुरुवातीच्या मार्शलमध्ये १६ ओहमच्या. मागे वळणाऱ्या संकेताचे प्रमाण त्यामुळे वाढले. परिणाम असा की आवाज एका मर्यादेपर्यंत आवरलेला राहतो आणि ती मर्यादा ओलांडताच भडकतो. चौथा बदल सर्वांत साधा आणि माझ्या मते सर्वांत मोठा : पेटी. बेसमनमध्ये दहा इंची चार जेन्सन स्पीकर पाठीमागून उघड्या पेटीत होते. मार्शलने बारा इंची चार सेलेस्टियन स्पीकर चहूबाजूंनी बंद पेटीत घातले. उघड्या पेटीचा आवाज खोलीभर पसरतो, बंद पेटीचा समोरच्याच्या छातीवर येतो. वर हे स्पीकर जेमतेम १५ वॉट पेलणारे होते, त्यामुळे जोर वाढला की व्हॉल्व्हबरोबर स्पीकरचा कागदही आपला आवाज मिसळू लागे.

मराठीत आपण 'आवाज फाटला' असे म्हणतो ते तक्रार म्हणून. लग्नाच्या मंडपातला कर्णा फाटू लागला की कोणीतरी धावत जाऊन बटण कमी करतो. मार्शलचे वाङ्मयीन म्हणता येईल असे कार्य हे, की त्याने हा फाटलेला आवाज वादकाच्या हाती भाषा म्हणून दिला. फाटणे म्हणजे नेमके काय? व्हॉल्व्हच्या कुवतीपलीकडे संकेत गेला की लहरींची शिखरे दबतात, आणि दबलेल्या लहरीत मूळ स्वराखेरीज नवे उपस्वर जन्मतात. दोन स्वर एकत्र असतील तर त्यांची बेरीज आणि वजाबाकीही ऐकू येते. इथे आपल्या कानांना परिचित असे काही घडते. षड्ज आणि पंचम यांचे प्रमाण २ : ३. वजाबाकी १, म्हणजे एक सप्तक खालचा खर्जाचा षड्ज. बेरीज ५, म्हणजे वरच्या सप्तकातला शुद्ध गांधार. गिटारवर फक्त दोन तारा छेडलेल्या असतात, पण पेटीतून खर्ज आणि गांधार आपोआप उमटतात. चांगल्या जुळलेल्या तानपुऱ्यातून न छेडलेला 'स्वयंभू गांधार' ऐकू येतो, तो तारेच्या उपस्वरांतून येतो. इथला येतो व्हॉल्व्हच्या दमछाकीतून. कारण वेगळे, पण ऐकणाऱ्याला मिळणारा आनंद एकाच जातीचा. आणि तानपुऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवून जवारी लावणारा कारागीरही तारेच्या निखळ स्वरात मुद्दाम झणकार मिसळतच असतो.

रॉक गिटारवादक पूर्ण स्वरसंघात टाळून नुसते षड्ज-पंचम का वाजवतात, याचे उत्तरही यात आहे. सप्तकाचे बारा समान भाग पाडलेल्या पाश्चात्त्य वाद्यांवर गांधार नैसर्गिक जागेपेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. पेटीवर आपल्याकडे जो आक्षेप घेतला गेला तोच हा. पंचम मात्र केवळ २ सेंट उतरा. स्वच्छ आवाजात १४ सेंटांची चूक खपून जाते, पण फाटलेल्या आवाजात बेरजा-वजाबाक्यांनी ती मोठी होऊन गढूळपणा येतो. तेव्हा एका यंत्राच्या मर्यादेने एका संगीतप्रकाराचे व्याकरण ठरवले. मात्र हे व्याकरण मार्शलआधीही बोलीत होते. अमेरिकेतल्या ब्लूज वादकांनी पन्नाशीच्या दशकात लहानसहान ॲम्प फाटेपर्यंत वाजवलेले आहेत. मार्शलने केले ते असे, की फाटण्याचा हा आवाज मोठ्या सभागृहाला पुरेल एवढा आणि रोज हुकमी मिळेल असा केला.

याचा कागदोपत्री आरंभ म्हणून एका ध्वनिमुद्रिकेकडे बोट दाखवता येते. जॉन मेयॉलच्या वाद्यवृंदाबरोबर एरिक क्लॅप्टनने वाजवलेली 'ब्लूज ब्रेकर्स' ही १९६६ ची मुद्रिका. क्लॅप्टनने स्टुडिओत मार्शलचा जोडपेटी ॲम्प (ज्याचा मॉडेल क्रमांक योगायोगाने '१९६२') आणला आणि तो मंचावर वाजवतो तेवढ्याच मोठ्याने वाजवीन असा हट्ट धरला. त्या काळच्या ध्वनिमुद्रणाच्या शिस्तीत हे बसत नव्हते. हट्ट पुरवला गेला आणि गिटारचा स्वर गळ्यासारखा लांबू लागला. नंतरच्या दोन पिढ्यांनी तोच आवाज आदर्श मानला. १९६६ च्याच शरद ऋतूत लंडनला आलेल्या जिमी हेंड्रिक्सने यापुढची मजल मारली. त्याचा ड्रमवादक मिच मिचेल हा जिम मार्शलचा विद्यार्थी, ओळख तिथून झाली. माइक शिट्टी मारू लागला की आपण तो झाकतो. हेंड्रिक्सने ती शिट्टी सुरात आणून ठेवली. ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉकला त्याने अमेरिकेचे राष्ट्रगीत वाजवले, तेव्हा मार्शलच्या भिंतीसमोर उभे राहून गिटारच्या तारा केवळ आवाजाच्या दाबाने थरथरत ठेवल्या होत्या. हे काम सौम्य ॲम्पवर झाले नसते. पहिल्या दाव्याच्या बाजूने मला मिळालेला सर्वांत भक्कम पुरावा हा.

आता दुसरा दावा, 'सर्वांत उत्तम'. इथे प्रसिद्धीने इतरांची कमाई आपल्या खात्यात जमा करून घेतलेली दिसते. जड रॉकचा प्रत्येक आवाज मार्शलचा, असे सरसकट समजले जाते. प्रत्यक्षात लेड झेपेलिनच्या १९६९ मधल्या पहिल्या मुद्रिकेवर जिमी पेजने 'सुप्रो' हा लहान अमेरिकन ॲम्प वापरला, हे त्यानेच सांगितले आहे. ब्लॅक सॅबथचा टोनी आयोमी याचे नाते बर्मिंगहॅमच्या 'लेनी'शी. क्वीनच्या ब्रायन मेचा आवाज 'व्हॉक्स एसी३०' चा. पिंक फ्लॉइडचा डेव्हिड गिल्मर 'हायवॉट'चा. आणि ज्याच्या मागणीवरून मार्शलचे सर्वांत गाजलेले यंत्र बनले, तो पीट टाउनशेंडही पुढे हायवॉटकडे गेला.

हायवॉटशी तुलना मार्शलला अडचणीची आहे. डेव्ह रीव्ह्ज या अभियंत्याने काढलेल्या या कंपनीच्या ॲम्पची वायरिंग लष्करी कंत्राटे घेणाऱ्या हॅरी जॉइसच्या देखरेखीखाली होत असे. हायवॉटचे झाकण उघडले की तारा काटकोनात, ओळीने बांधलेल्या दिसतात. कारागिरी हाच निकष असेल, तर मार्शल त्या पंक्तीत पहिला बसत नाही. १९७३-७४ पासून मार्शलने हाताने जोडलेल्या पट्ट्या सोडून छापील सर्किटचे बोर्ड घेतले. उत्पादन स्वस्त आणि एकसारखे झाले. पुढे कंपनीनेच हाताने जोडलेल्या जुन्या पद्धतीचे ॲम्प पुन्हा काढले आणि ते चढ्या भावाने विकले. छापील बोर्डामुळे आवाज बिघडतोच असे मी म्हणणार नाही, तसे सिद्ध करणे कठीण आहे. पण जी गोष्ट काढून टाकताना क्षुल्लक होती, ती परत विकताना अमूल्य कशी झाली, एवढा प्रश्न तरी विचारला पाहिजे.

जुन्या यंत्रांचा गुण म्हणून जे सांगितले जाते, त्यातही यंत्राचे किती आणि वादकाचे किती, हे वेगळे काढावे लागते. १९७८ च्या पहिल्या मुद्रिकेने गाजलेला एडी व्हॅन हेलन मार्शलच वाजवत होता, पण त्याला मिळणारा विजेचा दाब त्याने एका नियंत्रकाने ठरावीकपेक्षा बराच खाली आणला होता. कारखान्यातून आलेला मार्शल जसाच्या तसा वापरून तो आवाज निघालेला नाही. बटणे शेवटपर्यंत फिरवल्याशिवाय जुना मार्शल फाटत नाही आणि तसा फिरवला की घरात काय, लहान सभागृहातही कोणी टिकत नाही. या गैरसोयीवर १९७५ मध्ये कंपनीने आणखी एक मुख्य बटण देऊन तोडगा काढला. कमी आवाजातही फाटण्याची सोय झाली. १९८१ मध्ये रोझ-मॉरिस या वितरकाशी असलेला पंधरा वर्षांचा करार संपल्यावर तेच मंडल 'जेसीएम८००' या नावाने आले आणि ऐंशीच्या दशकातल्या हेवी मेटलचे मुख्य हत्यार झाले. हा मार्शलचा दुसरा खरा कालखंड. त्यानंतरच्या 'जेसीएम९००' मालिकेत फाटण्याचे काम बरेचसे डायोडवर सोपवले गेले. म्हणजे व्हॉल्व्हच्या दमछाकीची कीर्ती सांगत ती दमछाक दुसऱ्याकडून करून घेतली गेली.

तिसरा दावा मोठ्या आवाजाचा. जिम मार्शलला 'मोठ्या आवाजाचा जनक' म्हणत. १९६५ मध्ये टाउनशेंडने १०० वॉटचा ॲम्प मागितला आणि आठ स्पीकरांची एकच अवाढव्य पेटी करवून घेतली. ती उचलणाऱ्या कामगारांनी हात टेकले, तेव्हा तिचे दोन भाग करून एकावर एक ठेवायचे ठरले. मार्शलची प्रसिद्ध चळत अशी हमालांच्या पाठदुखीतून जन्मली. पण १०० वॉट म्हणजे ५० वॉटच्या दुप्पट आवाज नव्हे. शक्ती दुप्पट केली की पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते. कानाला दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी शक्ती दहापट करावी लागते. म्हणजे १०० वॉटचा मार्शल कानाला जेमतेम १० वॉटच्या ॲम्पच्या दुप्पट. १९६५ मध्ये या वाढीला अर्थ होता. सभागृहांची ध्वनियंत्रणा गायकापुरती असे, गिटारचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा तो मंचावरच्या पेटीनेच. सत्तरीच्या दशकात ध्वनियंत्रणा सुधारली, प्रत्येक ॲम्पसमोर माइक आला आणि एका पेटीने काम भागू लागले. भिंत मात्र गेली नाही, उलट वाढली. अनेक मोठ्या मंचांवर त्या भिंतीतल्या कित्येक पेट्या रिकाम्या असत, हे आता गुपित नाही. आवाजाचे साधन आवाजाचा देखावा झाले. गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंती ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे स्थित्यंतर ओळखीचे वाटेल : एका मर्यादेनंतर भिंत ऐकवण्यासाठी नसते, दाखवण्यासाठी असते. १९८४ च्या 'धिस इज स्पायनल टॅप' या चित्रपटाने या हौसेची टर उडवली. त्यातल्या वादकाच्या मार्शलची बटणे दहाऐवजी अकरापर्यंत जातात. कंपनीने हा विनोद मनावर घेतला नाही, उलट पुढे आपल्या एका ॲम्पवर २० पर्यंतचे आकडे छापले आणि त्याच पात्राकडून जाहिरात करून घेतली. टीका पचवून तिचे भांडवल करणे, हेही कीर्तीचे एक लक्षण.

मग तीन दाव्यांचा निकाल काय? मंडलाची निर्मिती मार्शलची नाही. कारागिरीत तो पहिला नाही. मोठेपणाचा दावा एका दशकापुरता खरा, नंतर नेपथ्य. तरीही मी त्याची कीर्ती पोकळ मानत नाही. हॅनवेलच्या दुकानात घडलेली खरी गोष्ट वेगळी आहे. तिथे एका दुकानदाराने तरुण गिऱ्हाइकांचे ऐकले. ती पोरे तेव्हाच्या ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने चुकीची गोष्ट मागत होती. स्वच्छ आवाज हेच ॲम्पचे ध्येय, असे फेंडर मानत होता आणि फाटणे हा त्याच्या लेखी दोष होता. मार्शलने त्या दोषाला गिऱ्हाईक आहे हे ओळखले. पाच नमुने नाकारून सहाव्याला होकार देण्यात जे आहे ते अभियंत्याचे ज्ञान नव्हे. ते रसिकाचे, किंवा फार तर संपादकाचे काम आहे. चांगला संपादक स्वतः कविता लिहीत नाही, पण कोणती छापायची हे त्याला कळते. आणि संपादकाच्या मासिकाला त्याचे नाव लागते म्हणून कवीचे नाव पुसले जात नाही. मार्शलच्या बाबतीत ते पुसले गेले. ब्रॅन आणि क्रेव्हन ही नावे अभ्यासकांच्या बाहेर कोणाला माहीत नाहीत. माझा या कीर्तीवरचा मुख्य आक्षेप नकलेचा नाही, श्रेयाच्या या वाटपाचा आहे.

दुसरा आक्षेप वर्तमानाचा. २०१० पासून मार्शलचे नाव स्वीडनच्या एका कंपनीला परवान्याने देऊन हेडफोन आणि घरगुती स्पीकर निघू लागले. ॲम्पच्या रूपाचा छोटा फ्रीजही बाजारात आला. २०२३ मध्ये त्याच स्वीडिश कंपनीने, झाउंड इंडस्ट्रीजने, मूळ ॲम्पची कंपनी विकत घेतली. जानेवारी २०२५ मध्ये एचएसजी या चिनी मुळाच्या गुंतवणूक कंपनीने १.१ अब्ज युरो मूल्यांकनावर या समूहाचा बहुतांश हिस्सा घेण्याचे जाहीर केले. हेडफोन चांगले असतील, त्यांच्याशी माझे भांडण नाही. पण त्यांत ना ईएल३४ आहे, ना बंद पेटी, ना फाटण्याची सोय. त्यांच्यावर आहेत ती फक्त पांढरी वळणदार अक्षरे. हॅनवेलमध्ये नाव वस्तूला लागले होते, आता वस्तू नावाला लावल्या जातात. गिटार शिकू लागलेली मुले कानाने निवड करण्याआधी या अक्षरांना पैसे मोजतात, तेव्हा ती १९६६ च्या आवाजाची किंमत आजच्या पाटीला देत असतात.

म्हणून माझा निर्णय असा. १९६२ ते १९७५ या काळातल्या यंत्रांची, आणि काही अंशी जेसीएम८०० ची, कीर्ती रास्त आहे. ती शोधाची म्हणून नव्हे, निवडीची म्हणून. त्या कीर्तीत लिओ फेंडरचा मोठा वाटा आहे, ब्रॅन-क्रेव्हनचा न मोजलेला वाटा आहे, ब्लमलाइनचा कोणाच्या ध्यानीमनी नसलेला वाटा आहे, आणि सर्वांत मोठा वाटा दुकानात रेंगाळून 'अजून मोठ्याने' म्हणणाऱ्या त्या पोरांचा आहे. मार्शल हे आडनाव त्या सगळ्यांचे सामाईक नाव म्हणून वाचले, तर ते त्याच्या प्रसिद्धीला पात्र आहे. एका माणसाची किंवा एका कंपनीची मिळकत म्हणून वाचले, तर नाही.